साडूच्या वाफ्यातला पांढरा मका

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली चिमटा म्हणायची. त्याच्या खिशात पेनाच्या जागी चिमटा असायचा म्हणून, आणि तो नुसतं ‘या, बसा’ म्हणाला तरी ऐकणाऱ्याला कुठंतरी बोचायचं म्हणून. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्याचं टेबल. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायची आणि संध्याकाळी टेबल पुसून मागच्या खोलीत जायचं. जीव होता तो मागच्या खोलीत.

खोली अंधारी, थंड. एका भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर काचेच्या बाटल्यांत बी. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत आंबवायचं, वर साय धरली की चोळून धुवायचं आणि काचेच्या बशीत वाळवायचं. कागदावर वाळवलं तर ते असं चिकटतं की सोडवताना निम्मं वाया जातं. बियांचं वांगं झाडावरच पिवळंजर्द होईपर्यंत राखायचं, बायकोनं भाजीला कितीही मागितलं तरी. घेवड्याचा दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर बाटलीत, दाताची खूण उमटली तर परत सावलीत. बाटलीच्या तळाशी चाळलेली राख, वर ओल शोषायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, झाकणाच्या कडेनं मेण. बायको म्हणायची, “एवढी काळजी माझ्या बाळंतपणात घेतली असतीत, तर जन्मभर नाव काढलं असतं.”

आता एवढं सगळं करणारा माणूस गल्लीत असताना लोकांनी बी मागायला जावं कुणाकडे? पण लोक जायचे दाजींकडे.

दाजी म्हणजे चिमट्याचे थोरले साडू, त्याच्या बायकोच्या सख्ख्या ताईचे यजमान. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, मधे छातीएवढी भिंत. दाजी शाळेची व्हॅन चालवायचे. चिमट्याची बायको त्यांना दाजी म्हणते ते ठीक, मेव्हणीनं म्हणायचंच. पण दूधवाला दाजी म्हणायचा, इस्त्रीवाली दाजी म्हणायची, व्हॅनमधली शेंबडी पोरंसुद्धा दाजी म्हणायची. “ताईला एवढ्या बहिणी झाल्या कधी?” चिमटा विचारायचा. या विनोदावर घरात कुणी हसत नसे. तो स्वतःही नाही.

आणि दाजींचं बी असायचं कुठं? बुटाच्या खोक्यात. व्हॅनच्या कप्प्यात पान्याखाली. पँटच्या खिशात. एकदा खिशातले वालाचे दाणे धुण्यात गेले. ताईनं पँट झटकली, दाणे मोरीच्या कडेला पडले, आणि पडले तिथून वेल जो चढला तो थेट पाण्याच्या टाकीवर. झुबक्यांनी शेंगा. चिमट्यानं भिंतीवरून पाहिलं आणि त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून जेवला नाही. बायकोनं ओवा आणून दिला, पण दुखणं ओव्यानं जाण्यातलं नव्हतं.

इस्त्रीवाली एकदा चिमट्याकडे आली होती, दोडक्याचं बी मागायला. यानं तिला उभं केलं. माती कसली? ऊन कधी येतं? पाणी कोण घालणार? वेल चढवणार कशावर? ती म्हणाली, “अहो, बी मागतेय मी, मुलगी नाही मागत.” आणि तडक वळसा घालून दाजींच्या दारात. दाजींनी खिशात हात घालून मूठभर दिलं. त्यात दोडकं होतं, मिरची होती, आणि एक चोखून ठेवलेली गोळीही होती. इस्त्रीवालीचा मांडव त्या हंगामात दोडक्यांनी वाकला. जाता-येता ती सांगायची, “दाजींच्या हाताला गुण आहे.” चिमट्याचा तिळपापड व्हायचा. गुण म्हणे! गोळीसकट दिलेल्या बियाला गुण!

पण एका गोष्टीत तो दाजींच्या वर होता. तिच्या जोरावर बाकीचं सगळं तो गिळत आला होता.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. पंपघराच्या मागच्या पट्टीत ते पांढरा मका लावायचे. दाणा दुधासारखा, कोवळा असताना नख लावलं की चीक तोंडावर उडायचा. निवृत्तीनंतर ते दोन्ही मुलींकडे आळीपाळीनं राहिले. राहायचे चिमट्याकडे आणि बसायचे दाजींकडे. “तुझ्याकडे टिकटिक फार आहे बाबा,” म्हणायचे आणि भिंतीपलीकडे दाजींशी खिदळत बसायचे. इकडे चिमट्यानं त्यांच्यासाठी ठेवलेला चहा गार व्हायचा. ते गेले, तेव्हा मागं एका पिशवीत मक्याचं बी राहिलं. दोघी बहिणींनी ते निम्मं निम्मं वाटून घेतलं.

मक्याचं एक आहे. डोक्यावर तुरा येतो, तुऱ्यातून पिवळी पूड झडते, ती वाऱ्यानं खाली कणसाच्या केसांवर पडते. ज्या केसाला पूड मिळाली तिथला दाणा भरतो. आणि ती पूड कुठून आली हे वाऱ्याला कुणी विचारत नाही. दाजींनी सासऱ्यांच्या पांढऱ्या मक्याला लागून बाजारातला पिवळा मका लावला. त्याच हंगामात पांढऱ्या कणसांत पिवळे दाणे दिसायला लागले. दाजी हसले. “अरे वा, कणसाला सोन्याचे दात आले!” आणि पुढच्या खेपेला तेच मिश्र बी परत लावलं.

चिमट्याला त्या दिवशी लग्नाच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला. आता सासऱ्यांचं अस्सल बी फक्त त्याच्याकडे. राहू दे गल्ली दाजींची, दूधवाला दाजींचा, हे एक त्यांच्याकडे नाही.

मग तो त्या मक्याला डोळ्यांत तेल घालून जपायला लागला. दाजींच्या आधी पेरायचा, म्हणजे दोन्हीकडचे तुरे एका वेळी येऊ नयेत. तरी भरवसा नको म्हणून कोवळ्या कणसांना कागदी पिशव्या बांधायचा आणि आपल्याच तुऱ्याची पूड आपल्याच हातानं केसांवर झटकायचा. एखादा पिवळा दाणा दिसला की ते कणीस बाद. उरलेल्यांतून तो एकच कणीस निवडायचा, सगळ्यांत देखणं, ज्याच्या ओळी घड्याळाच्या चाकाच्या दात्यांसारख्या रेखीव असतील ते. पुढच्या वर्षीचं बी त्या एका कणसातून. बाकीची खाऊन टाका. दरवर्षी असंच.

आणि दरवर्षी मका खुरटत गेला. आधी खांद्याएवढा, मग कमरेएवढा. चिमट्यानं माती बदलली, शेण घातलं, पाण्याची नळी बदलली. शेवटी म्हणाला, “नजर लागली. भिंतीवरून बघतो ना तो.”

“भिंतीवरून कोण कुणाला बघतं ते मला माहीत आहे,” बायको म्हणाली.

यंदा तर हद्द झाली. निम्मं बी उगवलंच नाही. उगवलेलं गुडघ्यापाशी थांबलं. कणसाला केस फुटायच्या आत वरचे तुरे वाळून गेले. कणीस सोललं तर आत बोळकं, चार दाणे इकडे, दोन तिकडे, मधे सगळा ठणठणाट. चिमटा ते हातात धरून मागच्या पायरीवर बसला. बायको भांडी घासत होती. तिनं हात थांबवला.

“किती उरलंय?”

“आहे मूठभर. मागचं.”

“ते पण असंच उगवणार. म्हणजे माझ्या बाबांचं बी संपलं.”

“संपलं काय? मी अस्सल ठेवलंय. त्यांच्यासारखी भेसळ नाही केली.”

“अस्सल!” तिनं भांडं आदळलं. “बाबा बी कसं धरायचे माहिती आहे? मी आणि ताई बसायचो सोलायला. प्रत्येक कणसातल्या दोन ओळी. प्रत्येक. मोठं, छोटं, वाकडं, सगळ्यांतलं एकत्र करून पिशवीत. तुम्ही एकाच कणसावर वंश चालवलात. वर पिशव्या बांधून वारापण लागू दिला नाहीत. सख्ख्या भावंडांची लग्नं लावत बसलात इतकी वर्षं, पोरं लुळी निघणार नाहीत तर काय!”

एवढ्या वर्षांत हे तिनं सांगितलं का नाही, असं विचारायला चिमट्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं सांगितलं असणार. त्यानं ऐकलं नसणार.

“त्या मक्यात नवं रक्त हवं,” ती हळू आवाजात म्हणाली. “दाजींच्या कणसांत पांढरे दाणे असतात अजून. ते लावले तर पांढरेच येतील. बाबांचेच आहेत ते. आणा जाऊन.”

“मी? त्याच्याकडे?”

“नाहीतर बसा बोळकं घेऊन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, दाजी व्हॅन घेऊन गेलेले आणि ताई आत पडलेली बघून चिमटा भिंतीवर चढला. दाजींच्या मागच्या पडवीत दोरीला कणसं टांगलेली होती, पिवळी-पांढरी, गोधडीसारखी ठिगळाठिगळांची. पण काय भरली होती! टोकापर्यंत. हाताच्या पंजात मावणार नाहीत अशी. एक पाय पलीकडे टाकून तो बघतच राहिला. आणि त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती.

“साडूभाऊ,” खालून आवाज आला, “चढताय का उतरताय? एक काहीतरी ठरवा, प्लॅस्टर कच्चं आहे.”

चिमट्यानं पलीकडचा पाय वर ओढून घेतला. “मांजर होतं,” तो म्हणाला.

“गेलं का?”

“गेलं.”

“मग आता या चहाला.”

चहाच्या दुसऱ्या घोटाला खरं बाहेर पडलं, म्हणजे जेवढं पाडायचं होतं तेवढं. माझ्या मक्याला जरा दुसरीकडचं बी हवंय, बदल म्हणून. दाजींनी अख्खी दोरी खाली काढली. “घ्या की! एवढंच ना? सगळी न्या.” चिमटा म्हणाला, पांढरे दाणे तेवढे पुरेत. त्यानं खिशातून चिमटा काढला आणि एकेक पांढरा दाणा टिपायला बसला. दाजी शेजारी बसून अंगठ्यानं ओरबाडत होते. पांढरे, पिवळे, भुसा, सगळं एका ताटात. “तुम्ही निवडा, मी पाडतो,” म्हणाले. मदत करत होते बिचारे. मदतीचा एवढा राग चिमट्याला कधी आला नव्हता.

निघताना दाजी चपलेत पाय अडकवत म्हणाले, “एक मागू का? तुमच्याकडचे थोडे दाणे मलाही द्या. तुमची ताई कधीपासून मागं लागलीय, बाबांचा पांढरा मका लावू म्हणून. या खेपेला वाफ्यात दुसरं काही लावूच देणार नाही म्हणते. मीच यायला कचरत होतो. तुम्ही फार प्रश्न विचारता हो.”

चिमटा ‘देतो’ म्हणाला. पदरात पांढरे दाणे पडल्यावर ‘नाही’ म्हणायला तोंड कुठलं? पण घरी येऊन फळीपुढं उभा राहिला, तेव्हा आतून जळत होता. जे एक दाजींकडे नव्हतं, तेही आता मागितलं यानं. खिदळत सासरा नेला, गल्ली नेली, आता मका. उद्या लोक म्हणणार, पांढरा मका ना, तो दाजींचा.

सगळ्यांत वरच्या फळीवर, मागं, एक बाटली होती. सासऱ्यांच्या पिशवीतलं, अगदी पहिल्या वाटणीतलं उरलेलं बी. चिमट्याच्या हिशेबी ते कधीच मेलं होतं. मक्याचा दाणा एवढी वर्षं कुठं टिकतो? त्यानं ओल्या फडक्यात घालून तपासलंसुद्धा नव्हतं. बायको ‘बाबांच्या हातचं आहे, असू दे’ म्हणायची, म्हणून फेकलं नव्हतं एवढंच. त्यानं झाकणाचं मेण खरवडलं, बी कागदाच्या पुडीत ओतलं, पुडीला दोरा बांधला आणि भिंतीवरून दाजींच्या हातात दिली.

“सासऱ्यांचं आहे,” तो म्हणाला. “जपून लावा.”

खोटं एक अक्षर नव्हतं. दाजींनी पुडी कपाळाला लावली. चिमट्याला त्या रात्री छान झोप लागली.

पेरणी झाली. चिमट्यानं आपलं मूठभर आणि दाजींकडचं पांढरं बी आलटून पालटून टोचलं. त्याच्याकडे कोंब आले. पलीकडे नुसती माती. तो रोज सकाळी दात घासायच्या निमित्तानं भिंतीपाशी जायचा, माती बघायचा आणि समाधानानं चूळ भरायचा. “भिंतीपलीकडे काही दिसत नाही अजून,” बायकोला सांगायचा. “हाताला गुण असून चालत नाही नुसता.”

मग एका सकाळी चूळ तोंडातच राहिली. पलीकडे हिरवी टोकं वर आली होती. सगळीकडे नाही, जागोजाग मोकळं होतं. पण आली होती ती करंगळीएवढी जाड.

त्यानं मनाची समजूत घातली, दाजींनी बाजारातलं बी मिसळलं असणार. महिनाभरात रोपं भिंतीच्या वर गेली आणि पलीकडून याच्या परसात डोकवायला लागली. चिमट्याचा स्वतःचा मका वाईट नव्हता. एक झाड खांद्याला, एक गुडघ्याला, कणसं बऱ्यापैकी. बी वाचलं होतं. बायको खूश होती. पण याचे डोळे भिंतीपलीकडेच. आणि कणसं सोलायची वेळ आली तेव्हा ताईनं पहिलं कणीस सोललं आणि बाकीची सोलायचीच विसरली. पांढरंशुभ्र. टोकापर्यंत. बापाच्या हातचं.

दाजींनी गल्लीभर दवंडी पिटली. दूधवाल्याला, इस्त्रीवालीला, व्हॅनच्या पोरांना. आणि सांगितलं काय, तर, “माझं काही नाही हो यात. साडूभाऊंनी दिलं. सासऱ्यांचं मूळ बी, जिवापाड जपलेलं, त्यांनी मला देऊन टाकलं! स्वतःला बघा कसलं ठेवलं, आणि मला कसलं दिलं!”

इस्त्रीवाली कपडे द्यायला आली ती दारातच थांबली. “माणूस ओळखायला चुकलो हो आम्ही,” म्हणाली. “काय मन आहे तुमचं!” चिमटा भिंगातून वर न बघता ‘हं’ म्हणाला. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी तडफडला ते दारात चालत आलं होतं, आणि घशात मासळीच्या काट्यासारखं अडकलं होतं.

संध्याकाळी बायको रिकामी बाटली घेऊन पुढच्या खोलीत आली. टेबलावर ठेवली.

“ही दिलीत?”

“हं.”

“मेलंय समजून दिलंत ना?”

चिमट्यानं एक स्क्रू उगाच घट्ट केला. मग त्याच्याच्यानं राहवेना. “पण जगवलं कुणी? माझ्या राखेनं, माझ्या मेणानं! त्याच्या बुटाच्या खोक्यात असतं तर पहिल्याच वर्षी किड्यांनी खाल्लं असतं. एवढी वर्षं दाणा जिवंत ठेवणं म्हणजे काय खेळ आहे? आणि कौतुक बघ, कशाचं चाललंय! मनाचं! बियाचं कुणी बोलतच नाही!”

“मग सांगा की जाऊन. बाटली कुठली होती, का दिलीत, कुणाला दिलीत, सगळं सांगा.”

त्यानं दुसरं घड्याळ पुढ्यात ओढलं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का हसू, हे त्याला भिंगातूनही कळलं नसतं.

“जिवंत आहे हे कळलं असतं, तर दिलं असतंत?”

चिमटा भिंगाची काच पुसायला लागला.

“म्हणून म्हणते, बरं झालं कळलं नाही ते.” तिनं त्याच्या पुढ्यात वाटी ठेवली. “ताई बी काढायला बसलीय. बाबांसारखं, प्रत्येक कणसातल्या दोन ओळी. आपल्या वाट्याचं पण घेऊन या. आणि पुढून जा, प्लॅस्टर कच्चं आहे.”

दाजींच्या पडवीत निम्मी गल्ली जमली होती. ताई ओळी पाडत होती, दाजी सुपातून मूठ मूठ वाटत होते. मागेल त्याला, विचारपूस न करता. चिमटा वाटी घेऊन रांगेत उभा राहिला, इस्त्रीवालीच्या मागं. स्वतःच्या बाटलीतल्या बियासाठी. लोक वळून वळून त्याला नमस्कार करत होते, आणि प्रत्येक नमस्काराला त्याच्या मनात एकच वाक्य उठत होतं, माझ्या राखेत होतं ते, माझ्या राखेत. पण ते ओठांपर्यंत येऊ देण्याची सोय नव्हती.

इस्त्रीवालीनं पदर पसरला. दाजींनी मूठ टाकली. मग चिमट्याच्या वाटीत मूठ टाकली, सगळ्यांना टाकत होते तशीच, आणि म्हणाले, “झकास आलाय ना साडूभाऊ?”

चिमट्यानं वाटीत पाहिलं. मग शेजारच्या पदरात पाहिलं.

“दाजी,” तो म्हणाला, “यांची मूठ जरा मोठी पडली.”

पडवी हसली. इस्त्रीवाली सगळ्यांत मोठ्यानं हसली, आणि तिनं पदराचं टोक उचलून त्याच्यासमोर धरलं. “घ्या बाई, घ्या, तुमचं मन राखते.”

चिमटा हसला नाही. त्यानं वाटी पुढं केली.